पोपटीचा वास

थंडीतल्या संध्याकाळी शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, आणि उपड्या मडक्याभोवती पेंढ्याचा जाळ. शेंगा शिजल्या की नाही, हे माझा थोरला भाऊ, दादा, नुसत्या वासावरून सांगतो.

"दादा, झाली का रे?" मी विचारलं.

"थांब गं. वास कुठे सुटलाय अजून?"

करपल्याचा वास तर केव्हाचा पसरला होता. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघत राहिलो. नजर अधू झाली की माणूस पेपर लांब धरतो, कान गेले की लोक ओरडून बोलतात. वास मात्र ज्याचा जातो त्यालाही न कळता जातो. मग त्याला सांगायचं कोणी?

शेवटी वहिनी म्हणाली, "अहो, करपल्यात शेंगा."

दादा मडक्यावर वाकला. त्याने खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"तुला ठाऊक होतं?"

"त्या तापापासून," वहिनी हळूच म्हणाली. "फोडणी जळली तरी तुम्हाला कळत नाही."

दादाने काठीने मडकं बाजूला केलं, एक काळी शेंग सोलून दाणे माझ्यापुढे धरले. "खा, आणि खरं सांग."

दाणे कडू होते. मी तसं सांगितलं. तो कितीतरी वेळ हातातलं साल चुरगाळत बसला.