सुकटीच्या वासाआड

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, वैशालीला सुकट फार आवडते बुवा. मी हसते. मला सुकट आवडत नाही. लहानपणापासून नाही. हे एवढंसं वाक्यसुद्धा मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही. कारण ते एकदा तोंडातून निघालं की त्याच्यामागून बाकीचं सगळं येणार, आणि ते येऊ द्यायची माझी छाती नव्हती. तुम्ही ना माझ्या नात्यातले, ना गावातले. म्हणून तुमच्याजवळ बोलते.

मी सिगारेट ओढते. घ्या, अर्धं सांगून झालं. पण हे सोपं अर्धं आहे. बाईनं सिगारेट ओढली म्हणून आता कुणी फासावर देत नाही. आमच्या गावात देतील कदाचित. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, मुरूडच्या अलीकडे. सकाळी प्रार्थनेला उभी राहते तेव्हा मुलांचे आईबाप फाटकाशी असतात. सवय डी.एड.च्या वेळी लागली. कुणी लावली ते सांगत नाही. उगाच दुसऱ्याच्या डोक्यावर अर्धी पाटी कशाला द्यायची? ओठ माझेच होते.

माझा नवरा मिलिंद न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी उजाडायच्या आत जातो. लेक पनवेलला हॉस्टेलवर. त्यामुळे एरवी घरात माणसं दोनच—मी आणि माझे सासरे. बाबा. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खुर्चीत बसले तरी डावा पाय क्लचवर असल्यासारखा थोडा पुढेच असायचा.

घरात ओढायचं म्हणजे एक शास्त्रच आहे. मी शाळेतून आले की बाबा ओसरीवर पेपर घेऊन बसलेले असायचे. मी मागच्या खोलीत जायचे. दाराच्या फटीला ओलं पोतेरं, केसांना घट्ट टॉवेल, खिडकीच्या गजाशी तोंड. झालं की बोटांना लिंबाची फोड, तोंडात बडीशेप, आणि लगेच गॅसवर तवा चढवून त्यावर मूठभर सुकट. सुकट भाजायला लागली की दुसऱ्या कुठल्याही वासाची टाप नाही घरात थांबायची. पाकीट मी माणगावला कामाला गेले की तिथल्या स्टँडवरून आणायचे, जिथे मला कुणी ओळखत नाही. टपरीवाल्याला सांगायचे, मिस्टरांसाठी. तो विचारायचाही नाही. मीच आपली सांगायचे.

आता बाबांचं सांगते. सांगायला पाहिजेच, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं विडी ओढली होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला वंदना झाल्यावर ते विहारात सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून विडी बंद. एवढंच. नशा न करण्याच्या पाचव्या शीलात विडी येते की नाही, यावर वाद घालणारे आमच्या वाडीत पुष्कळ आहेत. बाबांनी वाद घातला नाही, विडी टाकली. पुन्हा हात लावला नाही. आणि मग पुढच्या वर्षावासापासून विहारातलं ग्रंथवाचन त्यांच्याकडे आलं. पावसाचे तीन महिने रोज संध्याकाळी वाडीतली माणसं विहारात जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणारा पांढऱ्या कपड्यात बसतो. आणि वाचणाऱ्यानं शील पाळलेलं असावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. कुणी बोलून दाखवत नाही, पण असते. बाबा वाचायला लागले की पोरंबाळं गप्प व्हायची. घाटात गाडी घालावी तसे वाचायचे—सावकाश, वळणावर थांबून. मला वाटतं, वर्षाचे बाकीचे महिने ते या तीन महिन्यांसाठीच काढायचे.

आणि पावसात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. तुम्ही किनाऱ्यावर राहिला असाल तर तुम्हाला माहीत आहे. बाहेर घातले तर ओले, ओसरीवर घातले तर सर्द, दोन दिवसांनी कुबट. मग मागच्या खोलीत दोऱ्या बांधायच्या आणि पंखा लावून ठेवायचा. माझ्या त्या मागच्या खोलीत. माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर, बाबांचे पांढरे सदरे लोंबत होते. मी बोटं धुतली, तोंड धुतलं, केस झाकले—आणि वर मान करून एकदाही पाहिलं नाही. भाजलेली सुकट हवेतला वास मारते. ओल्या सुती कापडात शिरलेला वास ती कशी मारणार?

असं म्हटलं की चूक वाटते ना? साधी, बावळट चूक. मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत आले. पण सदऱ्याला इस्त्री मीच करायचे. गरम इस्त्री फिरली की कापडातला वास वर येतो. एका संध्याकाळी, वाचनाला जायच्या आधी, तो आला. मला कळला. दुसरा सदरा दोरीवर ओला होता. हा पुन्हा धुतला असता तर बाबांना त्या दिवशी घालायला नव्हता, आणि त्यांनी विचारलं असतं, का धुतला? मी त्यावर निलगिरीचे दोन थेंब टाकले, घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

विहारात शांताआत्या पुढेच बसतात. बाबांच्या चुलतबहीण, नाक तिखट आणि जीभ त्याहून. वाचन संपल्यावर बाबांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि तिथेच, सगळे चपला शोधत असताना, त्या म्हणाल्या, "दादा, तुज्या सदऱ्याला वास हाय. न्हाय म्हनू नको. माजा नवरा पन असाच लपवून वढायचा." कुणीतरी हसलं. बाबांनी बाही नाकाशी नेली. मी चार पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्री उघडली आणि चालायला लागले.

सगळी वर्षं विडी ओढलेल्या माणसाला विडीचा वास आणि सिगारेटचा वास वेगळा कळत नसेल? तुम्हीच सांगा. मला तेव्हाच माहीत होतं, त्यांना कळलंय.

शांताआत्यांनी मिलिंदला फोन केला. शनिवारी तो आला तो भडकूनच. पण त्याच्या रागात भीती होती, हे मला सांगितलं पाहिजे. बाबांना खोकला असायचा आणि मिलिंदचा बापावर फार जीव. बाबा नेहमीसारखे ओसरीवर. आम्ही दोघं आत स्वयंपाकघरात, मध्ये नुसता पडदा. त्यानं विचारलं, "तू घरात असतेस, तुला कधी वास आलाय?"

इथे मी गप्प बसले असते तर ती भित्रेपणाची गोष्ट झाली असती. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यांच्यात मीही खपून गेले असते. पण मी गप्प बसले नाही. मी मान खाली घातली, गॅसची ज्योत बारीक केली आणि म्हणाले, "येतो कधीकधी. म्हणून तर मी सुकट भाजते. चार माणसांत त्यांची शोभा नको."

सुचलं. तिथल्या तिथे, चटकन सुचलं. इतकी वर्षं स्वतःसाठी भाजलेली सुकट मी एका वाक्यात बाबांच्या नावावर केली, आणि वर स्वतःला चांगली सून करून घेतलं. मिलिंदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "तू एकटीनं हे सगळं सांभाळत होतीस?"

पडद्यापलीकडे पेपर उलटल्याचा आवाज झाला नाही. बाबा ऐकत होते. मी आवाज खाली ठेवला नव्हता. का ठेवला नव्हता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्यांनी आत यावं आणि मला पकडावं, असं मला वाटत असेल. पण हेही मी आता, नंतर, स्वतःला बरं वाटावं म्हणून रचत असेन. ते आले नाहीत.

मिलिंद त्यांना काय काय बोलला ते सांगत नाही. ते तो प्रेमानं बोलला आणि माझ्यामुळे बोलला. बाबा एवढंच म्हणाले, "मी वढत न्हाय." मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी आवरत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ग्रंथ कापडात गुंडाळून विहाराच्या सेक्रेटरीकडे नेऊन दिला. मला आता वाचायला लावू नका, म्हणाले. लोकांनी फारसा आग्रह केला नाही. तेच त्यांना लागलं असावं. त्यानंतर ते विहारात जायचे, पण मागे, दाराशी, खांबाला टेकून बसायचे. पुढे वाचन चालू असायचं आणि त्यांचे ओठ हलायचे.

त्याच आठवड्यात एकदा मी मागच्या खोलीतून बाहेर आले तर ते दारातच उभे होते. माझ्या केसांना टॉवेल, हातात लिंबाची फोड. आता बोलतील, असं वाटलं. म्हणाले, "पोरी, माजं कपडं आता ओसरीवर घालत जा. भिजलं तरी चालंल." आणि गेले. एक शब्द त्यांनी मिलिंदला सांगितला असता तर? माझं घर, माझी नोकरी, शाळेच्या फाटकातले ते आईबाप... हे त्यांनी सगळं मनात धरलं असेल का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांच्या गप्प राहण्याचा मी फायदा घेतला, एवढं मला माहीत आहे.

आणि फायदा खरोखर झाला, हे ऐकून घ्या. त्यानंतर घरात वास आला तर तो बाबांचाच असायचा. पाहुण्यांना यायचा, शेजारणीला यायचा, सगळे समजूतदारपणे माझ्याकडे बघायचे. मिलिंद दर शनिवारी बाबांचे खिसे, गादी, पेटी तपासायचा. काही सापडायचं नाही. मग म्हणायचा, म्हातारा लपवण्यात पटाईत आहे. बाबा पेटीची चावी आपण होऊन काढून द्यायला लागले. मी काही दिवस सिगारेट सोडली होती. लाज वाटून. मग पुन्हा सुरू झाली. आता तर सुकट भाजायचीही गरज उरली नव्हती, पण मी भाजायचे. नाहीतर माझं वाक्य खोटं पडलं असतं.

त्या वर्षावासानंतर आणखी दोन वर्षावास गेले. बाबा वाचायला बसले नाहीत. मग एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मिलिंद म्हणाला, विड्यांनी घात केला. मी काहीच म्हणाले नाही. तोवर मला काही न म्हणण्याची चांगली सवय झाली होती.

माणसं जमली. बाबांना पांढरे कपडे घातले. वंदनेला अजून अवकाश होता, बाहेर तिरडी बांधत होते. मिलिंदनं सगळ्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटलं. आत बाबा, तो आणि मी. तो लहान मुलासारखा रडत होता. म्हणाला, "वैशाली, मी त्यांना फार छळलं ग. शेवटच्या दिवसांत एवढंसं सुख होतं त्यांना, तेही सुखानं घेऊ दिलं नाही. आपल्यात असलं काही बरोबर देत नाहीत, मला माहीत आहे. पण मला त्यांच्यासोबत द्यायचंय. तुला माहीत असेल, ते विड्या कुठं ठेवायचे?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं. ऐकायला तिसरं कुणी जिवंत माणूस नव्हतं. बाबांचं नाव स्वच्छ करायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

मी म्हणाले, "थांब, बघते."

मागच्या खोलीत कपाटात माझ्या सॅनिटरी पॅडचा पुडा असतो. त्यात घरातला कुठलाच पुरुष हात घालत नाही. त्यातलं माझं पाकीट काढलं. लायटर ठेवून दिला. बाबा काडेपेटीवाले होते. हे सुचलं मला. सासरे पुढच्या खोलीत मरून पडलेले असताना हेही सुचलं. बाहेर येऊन मी ते पाकीट मिलिंदच्या हातात दिलं.

त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. रडता रडता हसला. म्हणाला, "विडी सोडून सिगारेटवर आले होते. ऐट बघ म्हाताऱ्याची." मग वाकून त्यानं पाकीट बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवलं. वर बटण होतं. त्याला ते लागेना.

ते मी लावलं.