आबांचा झिरा

काल मेहरूणच्या तलावाकाठी नातवाने ओल्या वाळूत खड्डा केला. तो वास नाकात शिरला आणि सत्तर वर्षं मागे, भडगावला गिरणेच्या पात्रात मी सात वर्षांचा होऊन बसलो.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी काकूने मला आणि धाकट्या यमूला अचानक नदीवर नेलं. एरवी सतत रागावणारी काकू त्या दिवशी एकदाही रागावली नाही. आम्ही पायावर वाळू थापून खोपे केले, डांगर, म्हणजे खरबूज, खाल्लं आणि मोठ्यांसारखा झिरा खणला. हातभर वाळू उपसली की खाली पिण्याचं पाणी लागायचं.

दुपारी वडील फावडं घेऊन आले. दूर काठावर बाभळीखाली एक गाठोडं ठेवून ते खणू लागले. मला वाटलं, शिदोरी असेल. आम्ही धावत गेलो.

"आबा, पानी लागनं का?"

"नही."

"आम्हना झिराले लागनं. तठेच खंदा ना," यमू म्हणाली.

"जा, खेया तुम्ही." आबांनी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने पाहिलं, तर खड्डा बुजवून ते वर दगड रचत होते. आबांचा झिरा कोरडा निघाला, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. करवंटीतून आमचं पाणी नेऊन आम्ही त्या दगडांवर ओतलं. आबांनी अडवलं नाही.

संध्याकाळी घरात झोळी रिकामी होती. आमचा पाच महिन्यांचा भाऊ पहाटेच गेला होता. पाणी लागणार नाही अशीच जागा आबा शोधत होते.

"आजोबा, पाणी लागलं," काल नातू हाका मारत होता. माझ्याने त्या खड्ड्यात पाहवलं नाही.