हात कुठवर जातो

माझ्या भाचीच्या उजव्या दंडाच्या हाडात कॅन्सर निघाला तेव्हा तिची अकरावी चालू होती. ऑपरेशन झालं, रॉड बसला, केमो आटोपली. पण हात छातीच्या वर जाईना आणि पानभर लिहिलं की बोटं आखडायची. बारावीच्या पेपरला जादा वेळ हवा तर दिव्यांगत्वाचा दाखला पाहिजे, तोही चाळीस टक्क्यांचा. बहिणीच्या रजा हॉस्पिटलातच संपल्या होत्या, म्हणून पोरीला पनवेलहून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी जन्मभर ऑफिसात काढलेली बाई. कुठे काय दाखवायचं हे आपल्याला कळतं, असा माझा समज. एसटीने कर्नाळा सोडलं तशी मी शिकवणी सुरू केली. "स्कार्फ काढून ठेव. हसू नकोस. हात वर कर म्हणाले की इथपर्यंतच न्यायचा," म्हणत मी तिची कंबर दाखवली. तिने हौसेने लावलेली लिपस्टिकही मी पुसायला लावली.

तीन तासांनी नंबर लागला. डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मऊ. "जमेल तेवढा वर कर, बेटा," म्हणाले. आणि या कार्टीने दातओठ खाऊन हात थेट खांद्यापर्यंत नेला, वर माझ्याकडे बघून हसली! घरी फ्रिजशेजारच्या भिंतीवर ती रोज बोटं चढवायची आणि पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. इतकी वर ती कधीच पोचली नव्हती. डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि कागदावर लिहिलं : सुधारणा होत आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. परीक्षा पाच महिन्यांवर आलीय, म्हणून मी भांडले. हात स्थिर झाल्याशिवाय टक्के ठरत नाहीत, म्हणाले. असला कसला नियम? अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

स्टँडवर मी तिला वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं. "मावशी, एवढासा वाढवायला महिना गेलाय गं," ती म्हणाली. "मुद्दाम कमी कसा करू?"

दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळ लावून पेपर लिहायला बसली. बोटं आखडली की गरम पाण्यात धरायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मी नुसती बघत राहायची.

फिजिक्सच्या पेपरला कामोठ्याच्या सेंटरबाहेर मी उभी होते. ती सगळ्यांत शेवटी आली, उजवा हात डाव्यात धरून. "शेवटचे दोन प्रश्न राहिले," म्हणाली. "येत होते गं मला." आणि रडायला लागली. केमोतही इतकी रडली नव्हती. 'त्या दिवशी हात खाली ठेवला असतास तर' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. या पोरीचा मला इतका अभिमान वाटला की मीही गेटसमोर, सगळ्या पालकांदेखत रडले.

रिक्षात बसल्यावर तिने डोळे पुसले. "पुढच्या महिन्यात तपासणीची तारीख आहे. जाऊ या ना? सीईटीला तरी वेळ मिळेल."

"जाऊ की."

"आणि तोवर हात आणखी वर गेला तर? मग दाखला नाही मिळायचा."

"गेला तर दाखव," मी म्हटलं. "सगळा वर करून दाखव."