जुन्या फॉन्टातले ढावलो

प्रिंटर दुरुस्तीला मी ढाणकी गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. तिथे साठीचा एक माणूस आपला जुना कॉम्प्युटर घेऊन बसला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने स्वतःच त्यावर लिनक्स चढवलं होतं. तेव्हापासून त्याच्या फाइलींत नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. पुन्हा पुन्हा लिनक्स चढवूनही तेच. फाइलींत ढावलो होते, नवरीने निरोपाला रडत म्हणायची गोरबोलीतली, म्हणजे बंजारा बोलीतली गाणी, आईकडून ऐकून टाइप केलेली.

कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, हे त्याला पाठ होतं. म्हणून पडद्यावर बोट फिरवत तो त्या कचऱ्यातूनही हलकेच गात होता.

“काका, फाइली चांगल्या आहेत. जुना फॉन्ट टाकावा लागते,” दुकानदार म्हणाला. त्याने फॉन्ट टाकला आणि पडद्यावर देवनागरी उमटली.

माणसाचं गाणं थांबलं.

“चला, आता घरी पोरं वाचतील,” मी उगाच बोललो.

माझ्याकडे न बघता तो वायर गुंडाळू लागला.

“पोरायले देवनागरी येते. गोरबोली नाही येत. त्यायले हे आताबी कचराच दिसते.”