उपाशीपोटी सावंगी

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला निघालेला माणूस उंबरठ्यावरच दही-साखर चाटून मोकळा होतो, तेव्हा त्या प्रवासाचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

चूक माझीच. वडनेरहून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, पण घरी सांगितलं होतं, "वर्ध्याला कापडाचा माल पाहून येतो." माल म्हटला की सौदा आला, आणि आमच्या घरात सौद्याला निघालेला माणूस तळहातावरचं दही-साखर खाल्ल्याशिवाय पायरी उतरत नाही. बायकोनं, शोभानं, वाटी पुढे केली, मी हात पुढे केला, आणि माझी जीभ काय, ती जन्माची आज्ञाधारक. दही वाढताना शोभाच्या बांगड्या मनगटावरून पार अंगठ्यापर्यंत घसरल्या. हल्ली हिचे उपास फार वाढलेत, एवढं मनात आलं आणि तेवढ्यात बस आली.

तपासणी टेस्टोस्टेरॉनची होती. पुरुषाचं पुरुषपण ज्या संप्रेरकावर चालतं, ते. दोन वर्षांपासून माझं वजन तेवढं वाढतंय आणि बाकी सगळं उतरतंय. ताकद, झोप, हुरूप, आणि ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत ते. रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. शोभा काही विचारत नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटतं. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली तेव्हा मी कुणालाच बोललो नाही. कापड दुकानदाराला माहीत असतं, फाटका तागा कधी उलगडून दाखवायचा नसतो.

हिंगणघाटला बस बदलली. वर्धा रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. समोर कापसाचा ट्रक चालला होता, ताडपत्री दोन्हीकडून फुगून बाहेर आलेली. रस्त्यावरच्या बाभळींना त्याचे पुंजके अडकत होते. दिसायला एवढा अवाढव्य आणि आत नुसता कापूस. मी खिडकी लावून घेतली. प्रवासात माणसानं आरसे टाळावेत.

वर्ध्याहून सावंगीचा ऑटो केला. मी कडेला टेकताच ऑटोवाला मागे वळला.

"काका, मधात (मध्ये) बसा ना जी. एका अंगाले गाडी झुकून राह्यली."

मधात बसलो. दोन्ही बाजूंच्या नर्सिंगच्या पोरींनी आपापल्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि बाहेर पाहू लागल्या. बिचाऱ्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

रक्त घेणाऱ्या ताईंनी दंडाला रबर बांधता बांधता विचारलं, "उपाशी आहात ना?"

"उपाशीच. फक्त दही-साखर."

"फक्त?" त्यांनी रबर सोडलं. "उद्या सकाळी लवकर या. हे सकाळीच तपासावं लागते, अन् काहीच न खाता."

घरी परतलो असतो तर उद्या पुन्हा सौद्याला निघण्याचं कारण शोधावं लागलं असतं. म्हणून वर्ध्याहून रेल्वेनं सिंदीला धाकट्या बहिणीकडे गेलो. शोभाला फोन केला, "काम लांबलं." ती म्हणाली, "बरं." एवढंच.

बहिणीनं, मंदानं, मला पाहून पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्या आणि तर्रीदार रस्सा) टाकला. त्या वासानं मेलेला माणूस उठून ताटावर बसेल, मी तर जिवंत होतो, निदान कागदोपत्री. तरी आवरतं घेतलं.

"दादा, काऊन एवढंसंच जेवून राह्यला? वहिनीनं सवय मोडली का तुही?"

मंदाचा नवरा हसला. "जेवा हो दादा! गादीवर बसणाऱ्या माणसाले पोट पायजेच. पोट नसलं तं गिऱ्हाईक म्हणते, दुकान चालत नाई याचं. मर्दाची शान हाये थे."

मी पोटावरून हात फिरवला आणि हसलो. आमच्या व्यापारी घरांत हेच ऐकत मोठा झालो. बापाचं पोट, काकाचं पोट, लग्नात फेटा बांधून पुढे निघालेली ती पोटांची रांग. ज्याला अख्खी जात शान म्हणते, त्याच्याखाली मी काय लपवून बसलो होतो, ते त्या पंगतीत कुणाला सांगणार? अजून एक पाटोडी घेतली. दुःखात तोंड हलतं ठेवावं लागतं.

सकाळी निघताना मंदा वाटी घेऊन दारात हजर.

"आज माझा उपास आहे," मी घाईघाईनं म्हणालो.

"मंग? उपासाले दही-साखर चालते. कर हात!"

केला. तिच्या देखत तोंडाला लावल्यासारखं केलं आणि मूठ मिटली. सिंदीच्या फलाटापर्यंत दही बोटांतून ठिबकत होतं. नळाखाली मूठ उघडली तेव्हा दगडावर पांढरा ओघळ वाहत गेला आणि मला एकाएकी भरून आलं. बहिणीनं दिलेलं शुभ मी गटारात सोडत होतो, कशासाठी, तर मी किती उरलोय हे मोजायला.

रक्त दिलं. दुपारनंतर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या.

"इच्छा होते का, काका?"

"कशाची?"

त्यांनी रिपोर्ट बाजूला सरकवला.

"दुकानात बसायचीही होत नाही, मॅडम," मी म्हणालो. त्यांनी ते उत्तर समजून घेतलं.

मग म्हणाल्या, "तुमचं टेस्टोस्टेरॉन बरंच कमी आहे. पोटावरची चरबी नुसती पडून नसते, काका, ती काम करत असते. टेस्टोस्टेरॉनचं ती इस्ट्रोजेन करते, म्हणजे बायकांच्या शरीरात जास्त असतं ते संप्रेरक. आणि टेस्टोस्टेरॉन कमी झालं की स्नायू घटतात, चरबी वाढते."

"म्हणजे पोटामुळे हे कमी, आणि हे कमी म्हणून पोट?"

"हो."

"मग यातून निघायचं कुठून?"

"पोटाकडून. वजन उतरलं की पुष्कळांचं हे आपोआप वर येतं."

मी इंजेक्शन मागितलं. एका रिपोर्टवर ते देत नाहीत, म्हणाल्या. पुन्हा एकदा सकाळी तपासू, बाकीची कारणंही पाहू. "झोपेत घोरता का? श्वास अडकतो का?"

"मी झोपेत असतो, मॅडम. मला कसं कळणार?"

"मग पुढच्या वेळी काकूंना आणा. त्यांना सांगितलंय ना?"

मी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला न विचारणाऱ्या बायकांची आता सवय झाली आहे.

परतीच्या बसमध्ये तेच शेत, तोच कापूस, उलट्या दिशेनं. वजन मी आधीही उतरवून पाहिलंय. पहाटे चाललो, भात सोडला, गरम पाण्यात लिंबू पिळलं. दर वेळी गेलेलं वजन व्याजासकट परत आलं. ज्या हुरूपानं पोट उतरवायचं, तोच हुरूप पोटानं खाल्लेला. अशा विहिरीत मी पडलो होतो जिची दोरी विहिरीच्याच तळाशी होती. हिंगणघाट येईपर्यंत ठरवलं की शोभाला सांगायचं नाही. वडनेर आलं तेव्हा कळलं की न सांगून पुढे जायला गावच उरलेलं नाही.

शोभा सांजच्याला चुलीपुढे बसली होती. तव्यावर माझ्या एकट्यासाठी भाकर. तिचा उपास.

"माल मिळाला?" तिनं विचारलं.

मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. दही-साखर, ऑटो, पाटोडी, फलाटावरचा नळ, लेकीच्या वयाची डॉक्टरीण. शेवटी, रात्री भिंतीकडे तोंड का असतं, तेही. मला वाटलं, ती हसेल किंवा रडेल. ती भाकर उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा तिनं तवा उतरवला, घसरलेल्या बांगड्या मागे सारल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"हे उपास देवाचे नोते जी. मले वाटलं, मी जाडी झाली म्हून तुमी पाठ करून झोपता. दोन वरसं उपाशी राह्यली मी. अन् शेवटी पोट निंगालं तुमचं!"