कडुबाचं ‘व्हय’

कडुबा बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. उस्मानपुऱ्यातून गाडी निघाली की थेट अजिंठ्यापर्यंत त्याची टकळी चालू. जुन्या गाडीत बसायची हौस असलेले पर्यटक त्यालाच शोधत यायचे. कंपनीनं ती गाडी बनवायची बंद करून जमाना झाला होता, तरी तिची ऐट मालकासारखीच. तिच्या पोटात कुठलं काय बसवलंय, हे एकट्या कडुबाला ठाऊक. त्याची बायको सरिता म्हणायची, "अहो, कुणाला तरी सांगून ठेवा." तो हसायचा, "मी कुठं पळून चाललोय?"

पळून नाही गेला. दिवाळीनंतर लकव्याचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि एवढ्या बोलघेवड्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, व्हय. चहा पाहिजे का? व्हय. नको का? व्हय. देवानं थट्टा करावी, पण इतकी?

घर चालायचं तर गाडी चालायला हवी. मुलगी प्रांजली बापाच्याच हाताखाली गाडी शिकलेली. तिनं शनिवारची अजिंठ्याची फेरी घेतली. लेण्यांकडं जाताना घाट उतरावा लागतो, म्हणून सरितानं हट्टानं गाडी आधी सांडू मिस्त्रीकडं नेली.

सांडूनं मागची दोन्ही चाकं खोलली आणि डोकं खाजवत बसला. ब्रेक दाबला की आतले ब्रेक-शू चाकाच्या ड्रमवर रेटणारा एकेक लहान सिलिंडर प्रत्येक चाकात असतो. दोन्ही गळत होते. नवे टाकले की काम झालं असतं, पण डावा एका मापाचा निघाला न् उजवा दुसऱ्या.

"वहिनी, दोन्हीकडं एकच माप पाहिजे," सांडू म्हणाला. "यातला एक कडुबाभाऊनं अडीनडीला बसवलाय. कोणता, ते मी कसं सांगू?"

सुट्या भागांच्या दुकानदारालाही उत्तर सापडेना. गाडी ज्या साली निघाली त्याच साली कंपनीनं माप बदललं होतं. काही गाड्यांना हे, काहींना ते. "बसतील दोन्ही, ताई. पण चुकीचं बसलं तर उतारावर मागची चाकं जाम होतील, नाय तर ब्रेकच कमी लागंल. मालकालाच विचारा की."

मालकालाच विचारा! सरिताला हसू यायला हवं होतं, डोळे भरून आले.

ती दोन्ही सिलिंडर फडक्यात बांधून घरी घेऊन आली. कडुबाच्या डाव्या हातात दिले तशी त्याची नजर उजळली. अंगठ्यानं त्यानं गंज चोळून पाहिला.

"अहो, हा खरा का?"

"व्हय."

"मग हा?"

"व्हय."

"बोलू नका. नुसता खरा तेवढा पुढं करा."

त्यानं एक पुढं केला, मागं घेतला, दुसरा केला, तोही मागं घेतला. चेहरा लालबुंद झाला. "व्हय, व्हय, व्हय." आपल्या तोंडून भलतंच निघतंय हे त्याला कळत होतं, आणि सरिताला तेच सोसवेना. तिला भयंकर राग आला. पण काढायचा कुणावर?

"आई, मोठ्या मापाचे दोन टाकू," प्रांजली म्हणाली. "चालवून बघते."

"कुठं बघतीस? घाटात?"

प्रांजली बापाशेजारी उभी राहून बोटातली किल्ली फिरवू लागली. मग सरिता नवऱ्यासमोर बसली न् सरळ विचारलं, "पोरगी शनिवारी घाट उतरणार हाय. जाऊ देऊ का तिला?"

"व्हय," कडुबा म्हणाला. म्हणता म्हणता सिलिंडर मांडीवर टाकून त्यानं प्रांजलीच्या बोटातली गाडीची किल्ली ओढून घेतली आणि मूठ मिटली.

प्रांजलीनं पर्यटकांना फोन करून शनिवारची फेरी रद्द केली. मग बापाजवळ येऊन बसली.

"पप्पा, आता नाय जात मी. द्या किल्ली."

"व्हय," तो म्हणाला, आणि मूठ आणखी आवळली.