पाचनंबरी वहिनींचे पाय

तुमची चप्पल तुम्हाला का चावत नाही, याचा कधी विचार केलाय? नसेलच. चावली की शिव्या देता, नाही चावली की विसरता.

चपलांच्या कारखान्यात पाचनंबरी वहिनी एकवीस वर्षं चालायच्या कामाला होत्या. हसू नका. त्यांचे पाय बरोब्बर पाच नंबरचे, म्हणून बायकांची प्रत्येक नवी चप्पल आधी त्यांच्या पायात. शिलाई खातं, जिना, गोदाम, परत जिना, असं दुपारपर्यंत चालायचं आणि कुठे चावते ते सांगायचं. "टाचेला घासतोय, पट्टा थोडा मागे घ्या," असं त्या म्हणाल्या की चांगले मुरलेले मास्तरही निमूट टाके उसवायला घ्यायचे.

मालकांनी काम परदेशात हलवलं. आम्ही युनियनवाले गेटवर घसा फोडत होतो, तेव्हा आत तिकडे पाठवायला वहिनींच्या पायांचे साचे काढणं चालू होतं. मी तावातावाने विचारलं, "दिलेतच कशाला?"

"चांगले घासूनपुसून दिले, भावजी. काही अडलं तर फोन करणार आहेत मास्तर."

दोन वर्षं झाली. वहिनी आता दवाखान्यात फरशी पुसतात. फोन वाजला की ओला हात अंगालाच पुसून धावतात. दरवेळी दुसराच कुणीतरी असतो.

परवा बाजारात त्यांना कारखान्याच्याच छापाची, पण परदेशातून आलेली चप्पल दिसली. पायात घातली. टाच, चवडा, अंगठा, सगळं कातडीसारखं बसलं. दुकानातच चार फेऱ्या मारल्या. दुकानदार वैतागला, "मावशी, घ्यायचीय की फिरायला आलात?"

"करंगळीला टोचतेय. आतली शिलाई दाबायला सांगा."

"कुणाला सांगू?"

वहिनींनी चप्पल काढून जागेवर ठेवली.

मला म्हणाल्या, "पाय माझाच आहे हो तो. पण साच्याला दुखत नाही ना." मी मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागलो, तर मलाच गप्प केलं. "शिव्या राहू द्या, भावजी. कुठे चावते, एवढं एकदा कुणीतरी विचारायला हवं होतं."

म्हणून तुम्हाला सांगतो. घरात कुणाला पाच नंबरची चप्पल चावत असेल तर फेकू नका. रविवारी सकाळी युनियनच्या खोलीवर घेऊन या. वहिनींना ती घालून जिना चढू-उतरू द्या, आणि त्या सांगतील ते घड्याळ न बघता ऐकून घ्या.